प्रतिसाद: आधी टाकी वजन करून घ्या

गॅसच्या भाववाढीच्या निषेधात महिनाभर कुणीच सिलिंडर बुक करू नये, ही वरची सूचना मनापासूनची आहे, पण पटत नाही. स्वयंपाक थांबत नाही. पुढच्या महिन्यात तेवढेच सिलिंडर घ्यावे लागतील. शिवाय ज्याच्याकडे एकच टाकी आहे त्याने करायचं काय? भाव आपल्या हातात नाही, पण मोजलेल्या पैशांचा पूर्ण गॅस मिळवणं आहे, आणि त्यावर इथे कुणीच बोललेलं नाही.

टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात घरगुती टाकीतल्या गॅसचे १४.२ किलो मिळवा, तेवढं भरायला हवं. आमच्या टाकीवर १५.६ होतं, म्हणजे २९.८ यायला हवं होतं. पोचवणाऱ्या दादांना काटा लावायला सांगितला तर २८.९ भरलं. ९०० ग्रॅम कमी! सील शाबूत होतं, तरीही. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत सिलिंडर ८५२.५० रुपये झाला, त्या हिशेबाने किलोला ६० रुपये पडतात. म्हणजे ५४ रुपयांचा गॅस गायब. टाकी घेतलीच नाही, दुसरी मागितली आणि ती मिळाली. काटा सोबत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. आणि बिलात घरपोच पोचवण्याचा खर्च धरलेलाच असतो. वरचे तीस-चाळीस रुपये देणं सक्तीचं नाही. जिना चढून आणणाऱ्याला मी खुशीने देते, पण मागितले म्हणून नाही.