आईच्या चिखल्या बऱ्या होत नाहीत, मदत हवी आहे

आई ६२ वर्षांची, गाव चिपळूणजवळ. दरवर्षी लावणीला चिखलात उभी राहिली की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रात्री मेंदी वाटून लावली की आठवड्यात बऱ्या व्हायच्या. यंदा नाही झाल्या. कातडी पांढरी पडून सोलवटली आणि खाज इतकी की झोप नाही. शेजारच्या काकूंनी औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून दिली. दोन दिवसांत खाज थांबली, आईने काकूंना दुवा दिला, आणि पंधरा दिवसांत घोट्यावर नायट्यासारखं लालसर कडं उठलं! ट्यूबवर बारीक अक्षरात स्टेरॉइडचं नाव आहे. स्टेरॉइडने खाज दबते पण बुरशी मात्र फोफावते, हे मला आत्ता कळलं. आईला मधुमेहही आहे, म्हणून जास्त धास्ती.

शनिवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेतोय. तोवर ट्यूब बंद केली तर खाज उसळेल का? कुणाला अनुभव आहे? आणि लावणीत पाय कोरडे कसे ठेवता तुम्ही? गमबूट दिले होते, ते चिखलात रुतून बसतात; आई म्हणते, ‘बूट काढू की लावणी करू?’

लिंबू-मीठ चोळा असं कृपया सांगू नका, तो प्रयोग झालाय.