ट्रेंच चषक : ‘दुय्यम’, ‘कनिष्ठ’ की ‘द्वितीय श्रेणी’?

विचारणा

आयर्लंडमधील आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तेथील उच्च शिक्षण संस्थांमध्ये खेळल्या जाणाऱ्या गेलिक फुटबॉलच्या (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायच्या आयरिश फुटबॉलच्या) इतिहासावर एक लेख मी लिहीत आहे. या संस्थांची सर्वांत मानाची स्पर्धा सिगर्सन चषकाची, आणि तिच्या लगेच खालच्या पायरीवरची स्पर्धा ट्रेंच चषकाची. या दुसऱ्या स्पर्धेचे वर्णन मराठीत नेमके कसे करावे, यावर मसुदा वाचणाऱ्यांमध्ये एकमत झाले नाही. एकाने ‘दुय्यम दर्जाची महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा’ असे सुचवले, दुसऱ्याने ‘कनिष्ठ महाविद्यालयीन स्पर्धा’. मला दोन्ही खटकतात, परंतु पर्याय सुचत नाही. शिवाय खालच्या पायरीवरच्या स्पर्धेला ‘अजिंक्यपद’ म्हणावे का, आणि ‘चषक’ योग्य की ‘करंडक’, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

‘कनिष्ठ महाविद्यालयीन’ हा पर्याय आधी निकालात काढू, कारण तो केवळ खटकणारा नाही, तर सरळ चुकीची माहिती देणारा आहे. महाराष्ट्रात ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणजे अकरावी-बारावी, हा अर्थ इतका पक्का आहे की वाचक दुसरा अर्थ शोधायला थांबणारच नाही. आयर्लंडच्या बाबतीत तर हा घोटाळा दुहेरी होतो. तेथील गेलिक खेळांच्या परिभाषेत नुसते ‘कॉलेजेस’ म्हटले की पदवीचे शिक्षण देणाऱ्या संस्था नव्हे, तर माध्यमिक शाळा अभिप्रेत असतात. १९४६ साली सुरू झालेला होगन चषक हा ‘ऑल आयर्लंड कॉलेजेस’चा म्हणवला जातो, पण तो शाळांचा आहे, आणि त्याच्या खालच्या पायरीवरही शाळांचीच ‘बी’ स्पर्धा आहे. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात शाळांच्या वरच्या गटासाठी मॅकरोरी चषक आणि दुसऱ्या गटासाठी मॅकलार्नन चषक असतो. म्हणजे ‘कॉलेजांची दुसऱ्या गटाची स्पर्धा’ एवढेच लिहिले, तर आयरिश माणसाच्या डोळ्यांसमोर शाळेच्या गणवेशातली मुले येतील आणि मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बारावीची. ट्रेंच चषक खेळणारे यांपैकी कोणीच नव्हेत. म्हणून आपल्या लेखात ‘महाविद्यालयीन’ऐवजी ‘उच्च शिक्षण संस्थांची’ असे पहिल्या उल्लेखात तरी अवश्य लिहावे. पुढे ‘महाविद्यालये’ म्हटले तरी चालेल.

‘कनिष्ठ’ या शब्दाला आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे खेळात ‘किशोर’, ‘कुमार’, ‘कनिष्ठ’ हे शब्द वयाचे आहेत. गेलिक खेळांत मात्र ‘सीनियर’, ‘इंटरमीजिएट’ आणि ‘ज्युनियर’ या प्रौढ क्लबांच्या खेळाच्या प्रतीनुसार केलेल्या पायऱ्या आहेत. तिशी ओलांडलेला गृहस्थही ‘ज्युनियर’ संघातून खेळतो. वयाचा गट दाखवणारा त्यांचा शब्द ‘मायनर’ हा आहे, ज्याची मर्यादा पूर्वी अठरा वर्षांखालील होती आणि २०१८पासून सतरा वर्षांखालील झाली. तेव्हा ‘ज्युनियर’चे भाषांतर ‘कनिष्ठ गट’ असे करणारा आयर्लंडविषयी लिहिताना हमखास फसतो.

आता ‘दुय्यम’. हा फारसीतून आलेला शब्द मुळात केवळ क्रम सांगणारा आहे आणि सरकारी मराठीत तो आजही तसाच निर्विकारपणे वावरतो. घराचा दस्त नोंदवायला आपण ‘दुय्यम निबंधक’ कार्यालयात जातो तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या योग्यतेविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु कचेरीच्या बाहेर, विशेषतः ‘दर्जा’ या शब्दाच्या शेजारी बसल्यावर, ‘दुय्यम’चा अर्थ पालटतो. ‘दुय्यम दर्जाचा माल’, ‘दुय्यम वागणूक’ या प्रयोगांनी त्याला हिणकसपणाची छटा कायमची चिकटली आहे. ‘दर्जा’ हा शब्दही एकेकाळी पायरी दाखवत असे, पण ‘दर्जेदार’ रूढ झाल्यापासून तो गुणवत्तेचाच वाचक झाला. म्हणून ‘दुय्यम दर्जाची स्पर्धा’ या शब्दांतून मराठी वाचकाला क्रम न कळता निंदाच ऐकू येईल.

माझी शिफारस ‘द्वितीय श्रेणी’ची आहे, आणि ती शब्दकोशातून शोधून काढलेली नाही. मुंबईतील स्थानिक कबड्डीच्या बातम्या पाहाव्यात: ‘पुरुष प्रथम श्रेणी’, ‘पुरुष द्वितीय श्रेणी’ हे गट तेथे नित्याचे आहेत, आणि ते वयाच्या ‘कुमार’, ‘किशोर’ गटांपासून स्वच्छ वेगळे ठेवलेले आहेत. द्वितीय श्रेणीत खेळणाऱ्या मंडळाला त्यात कमीपणा वाटल्याचे दिसत नाही. आपल्याला हवी असलेली व्यवस्था मराठी मैदानावर आधीच आहे, तर तिचाच शब्द घ्यावा.

आक्षेप

‘श्रेणी’बद्दल माझे समाधान झाले नाही. क्रिकेटमुळे ‘प्रथम श्रेणी’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने बांधला गेला आहे. रणजी करंडकाचा प्रत्येक सामना ‘प्रथम श्रेणी’चाच, मग संघ कोणत्याही गटात असो. २००२-०३च्या हंगामापासून रणजीत ‘एलिट’ आणि ‘प्लेट’ असे दोन गट पडले, तेव्हाही खालच्या गटाला मराठी वृत्तपत्रांनी ‘द्वितीय श्रेणी’ म्हटले नाही; ‘प्लेट गट’ असेच लिहिले. त्याखेरीज परीक्षेची ‘द्वितीय श्रेणी’ आणि रेल्वेची ‘द्वितीय श्रेणी’ आहेतच. आणि येथे तर प्रश्न विद्यापीठांचा आहे, म्हणजे परीक्षेचा अर्थ जवळच उभा आहे. ‘दुसऱ्या फळीची स्पर्धा’ किंवा ‘द्वितीय स्तरीय स्पर्धा’ का नको?

उत्तर

‘फळी’ हा शब्द नेत्यांना शोभतो. फुटबॉलच्या लेखात ‘आघाडीची फळी’, ‘बचाव फळी’ हे शब्द पदोपदी लागणार असल्याने ‘दुसऱ्या फळीची स्पर्धा’ वाचताना वाचक मैदानावरचे खेळाडू मोजू लागेल. ‘स्तर’ एरवी चांगला शब्द आहे, पण आयर्लंडमध्ये उच्च शिक्षणाला ‘तिसऱ्या स्तराचे शिक्षण’ म्हणण्याची रीत आहे. तेव्हा ‘तृतीय स्तरीय संस्थांची द्वितीय स्तरीय स्पर्धा’ असे लिहिण्याची पाळी येईल, आणि ते वाक्य समजावून सांगायला दुसरा लेख लागेल.

परीक्षेचा अर्थ आड येतो हा आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून या चर्चेतला खरा प्रश्न पुढे येतो: ‘द्वितीय श्रेणी’ हे विशेषण कोणाला लावायचे, महाविद्यालयाला की स्पर्धेला? ‘द्वितीय श्रेणी महाविद्यालयीन स्पर्धा’ असे लिहिले, तर महाविद्यालयेच द्वितीय श्रेणीची आहेत असा अर्थ निघू शकतो. ‘उच्च शिक्षण संस्थांची द्वितीय श्रेणीची स्पर्धा’ असे लिहिले, तर तो निघत नाही. हा शब्दच्छल नव्हे. या स्पर्धांचा इतिहासच असा आहे की पहिले वाक्य असत्य ठरते.

सिगर्सन चषक १९११ साली सुरू झाला. तो देणारे डॉ. जॉर्ज सिगर्सन टायरोन परगण्यात स्ट्रॅबेनजवळ १८३६ साली जन्मले. वैद्यक हा त्यांचा व्यवसाय, डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते प्राध्यापक, आणि जुन्या आयरिश काव्याची भाषांतरे हाही त्यांचा ध्यास. १९२२ साली स्थापन झालेल्या आयरिश सेनेटचे ते सदस्य होते. पहिल्या स्पर्धेत डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे येथील तीन विद्यापीठीय महाविद्यालये होती आणि विजय डब्लिनचा झाला. तीन संघांच्या स्पर्धेत श्रेणी कसली पाडणार? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठासारख्या संस्था पुढे येत गेल्या, तरी कित्येक दशके हे वर्तुळ लहानच राहिले.

वर्तुळ मोठे झाले ते १९७०च्या आसपास निघालेल्या प्रादेशिक तांत्रिक महाविद्यालयांमुळे. अथलोन, कार्लो, डंडॉक, स्लायगो, वॉटरफर्ड, मग लेटरकेनी, गॉलवे, कॉर्क, ट्रली अशी ही मालिका दशकभर वाढत गेली. बहुतेक ठिकाणी विद्यापीठांच्या शहरांपासून दूर, ज्या परगण्यांत गेलिक फुटबॉल घराघरांत आहे तेथेच उच्च शिक्षण पोहोचले, आणि खेळू इच्छिणाऱ्या संस्थांची संख्या एका स्पर्धेत मावेनाशी झाली. त्यांत शिक्षक प्रशिक्षण संस्थांची भर. हजारो विद्यार्थ्यांचे विद्यापीठ आणि काही शे विद्यार्थ्यांची संस्था एकाच बाद फेरीत समोरासमोर आणण्यात कोणाचेच हित नव्हते. सिगर्सनखाली ट्रेंच, आणि त्याखाली ‘कोर्न ना माक लेन’, म्हणजे विद्यार्थ्यांचा चषक, ही उतरंड याच गरजेतली आहे. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळातही फिट्झगिबन चषकाखाली रायन चषक आहे, तो याच न्यायाने.

परंतु ही उतरंड विद्यापीठे वर आणि तांत्रिक संस्था खाली अशी कधीच नव्हती, हे आपल्या लेखात ठळकपणे यायला हवे. ट्रली येथील तांत्रिक संस्थेने १९९७, १९९८ आणि १९९९ अशी सलग तीन वर्षे सिगर्सन चषक जिंकला. स्लायगोच्या संस्थेने तो २००२, २००४ आणि २००५ मध्ये जिंकला. बेलफास्टचे सेंट मेरीज हे शिक्षक प्रशिक्षणाचे लहान महाविद्यालय. त्याने १९८९ आणि पुन्हा २०१७ साली हा चषक नेला. म्हणजे शैक्षणिक मानमरातबाच्या यादीत ज्यांना कोणी वर बसवले नसते, त्या संस्था फुटबॉलमध्ये सर्वांत वर बसल्या. एवढे झाल्यावर ‘दुय्यम महाविद्यालयांची स्पर्धा’ असे चुकूनही कोणी लिहू नये. श्रेणी त्या वर्षीच्या संघाची आहे, संस्थेची नाही.

प्रतिप्रश्न

हे पटले. मग ‘अजिंक्यपद’चे काय? अजिंक्य म्हणजे ज्याला कोणी जिंकू शकत नाही असा. ज्या संघाच्या वर अख्खी एक श्रेणी आहे, त्याला अजिंक्य कसे म्हणावे? आणि ‘ट्रेंच’ हे नाव तसेच ठेवायचे ना?

उत्तर

‘ट्रेंच’ तसेच ठेवावे. यांत्रिक भाषांतरात ‘खंदक चषक’ असे काही निघाले तर ते हातानेच पुसावे लागेल.

व्युत्पत्तीने पाहिले तर ‘अजिंक्य’वरची आपली शंका बरोबर आहे, पण वापराने तो प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ‘कुमार गट राज्य अजिंक्यपद’ जिंकणाऱ्या संघाला पुरुषांचा संघ हरवू शकतो हे सर्वांना ठाऊक असते, तरी शब्द अडत नाही, कारण ‘अजिंक्यपद’ आता व्यक्तीचे विशेषण राहिलेले नाही, ते स्पर्धेच्या प्रकाराचे नाव झाले आहे. गेलिक खेळांत ‘लीग’ आणि ‘चॅम्पियनशिप’ या एकाच हंगामातल्या दोन वेगळ्या स्पर्धा असतात आणि दुसरीचा मान मोठा असतो. ती जोडी मराठीत ‘साखळी स्पर्धा’ आणि ‘अजिंक्यपद स्पर्धा’ अशी नीट बसते. फक्त विजेत्या संघाला ‘अजिंक्य संघ’ म्हणू नये. ‘विजेता’ पुरेसे आहे.

‘चषक’ की ‘करंडक’ याबाबत मात्र मी आग्रही आहे. मराठीत करंडकाची परंपरा मोठी आहे. रणजी करंडक, दुलीप करंडक, एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक ही नावे इतकी मुरली आहेत की त्यांना हात लावू नये. तरीही करंडक म्हणजे मुळात लहान पेटी, करंडा. चषक म्हणजे पिण्याचे पात्र, तेही बहुधा मद्याचे. आयर्लंडच्या बाबतीत दुसरा अर्थ अक्षरशः लागू पडतो. तेथील आंतर-परगणा फुटबॉलचा सॅम मॅग्वायर चषक हा आठव्या शतकातील आर्डा चॅलिसच्या घडणीवर बेतलेला आहे. ते पात्र १८६८ साली लिमरिक परगण्यात जमिनीखाली सापडले. हर्लिंगचा लिअम मकार्थी चषक ‘मेदर’ या जुन्या आयरिश पेयपात्राच्या आकाराचा आहे. आयरिश भाषेतला ‘कोर्न’ हा शब्दही आधी पिण्याचे शिंग आणि मग विजयाचा चषक. ज्यांच्या बक्षिसाचे नाव आणि आकार दोन्ही पेल्याचे, त्यांच्यासाठी ‘चषक’च लिहावे.

पुरवणी

श्रेणींच्या नावांविषयी एक मुद्दा राहिला. आयर्लंडमध्येही खालच्या पायरीला काय म्हणावे यावर आपल्यासारखीच घासाघीस झालेली आहे. परगण्यांच्या संघांसाठी १९९०च्या दशकात ‘ऑल आयर्लंड बी’ नावाची स्पर्धा होती. नाव प्रामाणिक होते, पण ‘बी’ म्हणवून घ्यायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. २००४ साली लीश परगण्याचे जुने नामवंत खेळाडू टॉमी मर्फी यांच्या नावाने दुसरी स्पर्धा काढली; ती २००८पर्यंतच टिकली. २०२२पासून टॅल्टन चषक आहे, ज्याचे नाव मीथमधील प्राचीन क्रीडामहोत्सवावरून घेतले. पहिला विजेता वेस्टमीथ परगणा. म्हणजे अक्षर टाकून आधी माणसाचे नाव घेतले आणि मग पुराणातले. हर्लिंगवाल्यांनी तर जो मॅकडोना, क्रिस्टी रिंग, निकी रॅकर्ड, लोरी मार अशी सगळी उतरंडच माणसांच्या नावांनी भरली, त्यामुळे बाहेरच्या वाचकाला कोणता चषक कोणाच्या वर हे नावावरून कळायची सोय उरली नाही. ‘ट्रेंच’चेही तेच आहे. नावातून श्रेणी कळत नसल्यामुळेच मराठीत ती एकदा स्पष्ट सांगावी लागते: ‘उच्च शिक्षण संस्थांच्या गेलिक फुटबॉलमधील द्वितीय श्रेणीची अजिंक्यपद स्पर्धा, ट्रेंच चषक’. त्यानंतर लेखभर नुसते ‘ट्रेंच चषक’ पुरेल.

टॅल्टन चषकाच्या विजेत्याला पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेत, म्हणजे सॅम मॅग्वायरसाठी, जागा मिळते. लेखात हा उल्लेख येणार असेल तर ‘पदोन्नती’ लिहू नये, ती नोकरीतली. संघाला ‘वरच्या श्रेणीत बढती मिळाली’ असे लिहावे, आणि उलट घडले तर ‘खालच्या श्रेणीत घसरण झाली’.