अनुभव धागा : स्लीप अ‍ॅप्नियाचे उपचार आणि विसरभोळेपणा

स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारात, सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) सुरू केल्यावर स्मरणशक्तीत फरक पडतो का, किती दिवसांत पडतो, आणि नाही पडला तर कुठे बघायचं? ज्यांचं रोजचं काम यातलं आहे त्यांनी लिहावं. आपबीती नको, आकडे, कृती आणि काय बिघडतं ते हवं आहे.

स्लीप लॅबमधून

रिपोर्टवरचा एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा उथळ झाला तो आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण तक्रार विसरण्याची असेल तर एवढ्यावर थांबू नका. लॅबमध्ये रात्रभर केलेल्या तपासणीत रेम झोपेतला (जास्त करून स्वप्नं पडतात त्या झोपेतला) एएचआय वेगळा दिलेला असतो, तो शोधा. रेममध्ये घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात, त्यामुळे एकूण आकडा १२ असलेल्या माणसाचा रेममधला आकडा ३५ निघू शकतो. घरी केलेल्या साध्या तपासणीत मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, म्हणून हा आकडा तिथे मिळत नाही. शिवाय जागं पडून राहिलेला वेळही भागाकारात धरला जातो आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो.

रेमचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो. आणि मास्क निघतो तो नेमका पहाटे तीन-साडेतीनला, लघवीला उठल्यावर. परत लावला जात नाही. यंत्रावर चार तास वापर दिसतो. ‘७० टक्के रात्री किमान ४ तास’ या प्रचलित निकषात माणूस बसतोही, पण ज्या झोपेत श्वास सर्वांत जास्त अडतो ती झोप उपचाराविना जाते. न्यूयॉर्क विद्यापीठात अँड्र्यू वर्गा यांच्या गटाने २०१४ साली हे तपासलं. सीपॅप वापरणाऱ्यांचा दाब फक्त रेममध्ये कमी केला आणि झोपण्याआधी व सकाळी संगणकावरचा चक्रव्यूह सोडवायला दिला. नीट झोपेनंतर सकाळी कमी वेळ लागत होता. रेममध्ये श्वास अडला त्या रात्रीनंतर ही सुधारणा दिसली नाही.

उपाय साधा आहे. उठताना मास्क काढायचा नाही, मास्कजवळचा नळीचा सांधा सोडायचा. पट्टे डोक्यावर तसेच राहिले की परत आल्यावर नळी जोडणं दोन सेकंदांचं काम उरतं. उपचार बसला की रात्रीची लघवीही बऱ्याच जणांची कमी होते.

स्मृती तपासणीचं काम करणारे

विसरणं कुठल्या प्रकारचं आहे ते आधी पाहावं लागतं. अ‍ॅप्नियात बहुधा लक्षच लागलेलं नसतं, म्हणजे गोष्ट डोक्यात नोंदलीच जात नाही. मोका या स्मृती-आकलनाच्या छोट्या चाचणीत ५ शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात. आठवले नाहीत तर ‘एक फूल होतं’ असा इशारा देतात. इशाऱ्यावर शब्द निघाला तर साठा शाबूत आहे, आणि अशा विसरण्याला झोप सुधारल्याचा फायदा होण्याची आशा जास्त. इशारा देऊनही काहीच निघत नसेल तर केवळ सीपॅपवर विसंबू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

दिवसाची पेंग काही आठवड्यांत कमी होते, स्मरणाला वेळ लागतो. चाचणी सुरुवातीला एकदा करून ठेवा आणि पुन्हा तीन महिन्यांनी. मध्ये घाई करण्यात अर्थ नाही. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आधीच स्मृती कमी असलेले ५८ रुग्ण होते. तीन महिन्यांनी, रात्री ६ तासांहून जास्त सीपॅप लावणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांची स्मृती सामान्य पातळीवर आली. २ तासही न लावणाऱ्यांत हेच प्रमाण २१ टक्के. मात्र कोणी किती तास लावायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, ही त्यातली उणीव. उलट सुमारे ११०० लोकांवरच्या ‘अ‍ॅपल्स’ चाचणीत (२०१२) खरा दाब आणि खोटा (उपचार न होणारा, नावापुरता) दाब यांत सहा महिन्यांनी स्मृतीचा फरक दिसला नाही. पण तिथे सरासरी वापर चार तासांच्या आसपास होता आणि बहुतेकांची स्मृती मुळात चांगली होती. म्हणून रुग्णाला स्मरणशक्ती परत येईल असं वचन देऊ नये. सहा तास गाठायला मात्र जरूर सांगावं.

जनरल प्रॅक्टिसमधून

सीपॅप सुरू करतानाच बी१२ जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या. शाकाहारी घरांत, त्यातही मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर, बी१२ कमी निघणं नेहमीचं आहे, आणि त्यानेही विसरायला होतं. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या पेंग आणणाऱ्या गोळ्या आणि रात्रीचा पेग यांची यादी डॉक्टरांना सांगा. पेगने घसा आणखी सैल पडतो. चालू असलेली झोपेची गोळी मनानेच एकदम बंद करू नका.

मास्क बसवून देणारे

सहा तास न होण्याचं कारण शोधलं तर बहुतेक वेळा गळती सापडते. मास्क बसून नव्हे, आडवं होऊन आणि हवा चालू ठेवून बसवा. सूं आवाज आला की लोक पट्टे आवळतात. त्याने सिलिकॉनची गादी चपटी होते आणि गळती वाढते. सगळे पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून गादी फुगू द्या, मग दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. डोक्याला तेल लावून झोपायची सवय असेल तर तेल सकाळी लावा. तेलाने गादी घसरते आणि लवकर खराबही होते. गादी रोज सौम्य साबणाने धुवायची. जाड मिशी असेल तर नाकपुड्यांत बसणारा मास्क बघा.

गुदमरल्यासारखं होत असेल तर सेटिंग विचारा. दाब आपोआप बदलणारं ऑटो यंत्र बऱ्याचदा ४ ते २० या दाबाच्या अंकांवर तसंच ठेवलेलं असतं, आणि ४ वर पुष्कळांना हवा अपुरी वाटते. किमान दाब डॉक्टरांकडून वाढवून घ्या. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या यंत्राच्या भागात) डिस्टिल्ड वॉटरच हवं. बोअरचं पाणी उकळलं तरी क्षार राहतातच. नळीत पाणी साचून गुडगुडत असेल तर एसी किंवा पंख्याचा झोत नळीवर येतोय. नळी पांघरुणाखालून घ्या किंवा ओलावा एक अंकाने उतरवा. वीज जाण्याचा त्रास असेल तर यंत्र इन्व्हर्टरवर घ्या, आणि बॅकअप कमी पडत असेल तर ह्युमिडिफायरचं गरम करणं बंद ठेवा. जास्त वीज तेच खातं.

डिमेन्शियाच्या रुग्णांसोबत काम करणारे

अल्झायमर्सचे रुग्ण मास्क लावूनच घेणार नाहीत हे आधीच गृहीत धरू नका. दुपारी टीव्ही बघताना, हवा बंद ठेवून, नुसता मास्क लावायची सवय करा. मग हवा चालू करा, मग रात्री. एक सक्त नियम: ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही त्याला नाक-तोंड झाकणारा मास्क लावू नये. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

पुन्हा स्लीप लॅबमधून

गळतीचं वर आलंच आहे. तीन महिन्यांनी दाखवायला जाताना यंत्राचं कार्ड किंवा मोबाइलवरचा अहवाल न्या आणि तीन गोष्टी विचारा: उरलेला (सीपॅप लावूनही राहिलेला) एएचआय ५ च्या खाली आहे का, गळती किती, आणि मास्क रोज किती वाजता निघतो. सरासरी तास बघून समाधान मानू नका, रात्रवार आलेख उघडायला लावा. उरलेल्या आकड्यात ‘सीए’ जास्त असतील तर घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाचा इशारा सुटतोय अशी शक्यता असते. उपचार नवा असताना हे बऱ्याचदा आपोआप कमी होतं. पण महिनोन्महिने तसंच राहिलं तर स्वतः दाब वाढवत बसू नका, लॅबमध्ये रात्र काढून पुन्हा तपासा.