गुडघ्यात जीवाणू असतात का? ओए (ऑस्टिओआर्थ्रायटिस, एक प्रकारचा संधिवात) म्हणजे निव्वळ झीज हे मला पटत नाही

रानवाटा: गेल्या महिन्यात आईच्या गुडघ्यातलं पाणी काढलं. वय 68, दोन्ही गुडघ्यांना ओए, उजवा जास्त. सिरिंजमध्ये करडईच्या तेलासारखं पिवळसर पाणी आलं, डॉक्टरांनी हातमोज्याच्या दोन बोटांत थेंब धरून ताणला तर बोटभर तार आली, म्हणाले इन्फेक्शन वाटत नाही, तरी कल्चरला पाठवू, म्हणजे लॅबमध्ये जीवाणू वाढतात का बघू. रिपोर्ट आला, काही वाढलं नाही. मग नेहमीचं वाक्य, "वय झालं, गादी झिजली."
पण कल्चरमध्ये वाढलं नाही म्हणजे तिथे काहीच नाही, असं कसं? कितीतरी जीवाणू प्लेटवर वाढतच नाहीत. 2020 मध्ये अमेरिकेत ऑक्लाहोमाच्या संशोधकांनी गुडघा आणि खुब्याच्या कार्टिलेजमध्ये (म्हणजे त्या गादीत) जीवाणूंचा डीएनए शोधला, तो सापडला, आणि ओए असलेल्यांत ग्राम निगेटिव्ह (जीवाणूंचा एक मोठा गट) जास्त निघाले. अल्सरलाही आधी टेन्शन आणि तिखट हीच कारणं सांगायचे की, मार्शल आणि वॉरनना त्यामागचा जीवाणू, हेलिकोबॅक्टर, शोधल्याबद्दल 2005 चं नोबेल मिळालं. गुडघ्याच्या बाबतीतही आपण तेच करतोय असं माझं ठाम मत आहे.

काचपट्टी: रानवाटाताई, आईंना आराम पडो. पण मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो आणि याच्याशी अजिबात सहमत नाही. डीएनए सापडणं आणि जीवाणू तिथे राहत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलेल्या जीवाणूचा तुकडा रक्तातून आला तरी टेस्टमध्ये दिसतो, सुई कातडीतून जाते तिथले दिसतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डीएनए काढायच्या किटमध्येच जीवाणूंचा डीएनए असतो, नमुन्यात मुळात काही नसलं की मशीन किटमधलाच मोजत बसतं आणि आपल्याला वाटतं शोध लागला. प्लासेंटाचं, म्हणजे वारेचं, आठवा. 2014 ला गाजलं की वारेत स्वतःचे जीवाणू असतात, 2019 ला केंब्रिजच्या गटाने पाचशेच्या वर बायकांच्या वारा तपासल्या, बहुतेक सगळं बाहेरचंच निघालं. आणि तुम्ही म्हणता त्या अभ्यासात ओएचे तुकडे जिवंत माणसांच्या ऑपरेशनमधले होते, तुलनेचे मृतदेहांमधले. मेल्यावर जीवाणू कुठेही पसरतात, मग तुलना कशाशी केली?

रानवाटा: मृतदेहांचा मुद्दा मान्य, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मेल्यावर पसरले असते तर मृतदेहांतच सगळं जास्त दिसायला हवं होतं ना? ग्राम निगेटिव्ह तर ओएवाल्यांत जास्त आहेत.

काचपट्टी: ते टक्केवारीत जास्त. एकूण डीएनए इतका कमी असतो की एकाचा वाटा जरा हलला की बाकीचे आपोआप वरखाली होतात.

सायली_नगर: माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे, गुडघ्यात कशाला शोधताय, आतड्यात बघा. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात चौदाशेच्या वर लोकांची विष्ठा तपासली, स्ट्रेप्टोकॉकस जास्त असणाऱ्यांत गुडघेदुखी जास्त. त्याआधी 2016 ला अमेरिकेतल्या ड्यूकच्या लोकांनी ओए पेशंटच्या रक्तात आणि सांध्याच्या पाण्यात एलपीएस मोजलं, म्हणजे ग्राम निगेटिव्हच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा, तर आजार जितका वाढलेला तितकं ते जास्त. जीवाणू आतड्यात, त्यांचा कचरा रक्तातून सांध्यात, आणि सूज तिथे, असं होऊ शकतं. वजन वाढलं की हाताच्या बोटांनाही ओए होतो, बोटांवर कुठे वजन पडतं?

काचपट्टी: हे मला जास्त पटतं. पण रॉटरडॅममध्ये नातं दिसलंय, कारण नाही. दुखणारा माणूस कमी चालतो, गोळ्या खातो, आतडं त्यानेही बदलतं.

दत्तू_काका: लिहू की नको करत होतो, पण यावरून औषधं सुरू होतात म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला कंबरदुखी. 2013 ला डेन्मार्कमध्ये एक ट्रायल झाली होती, मणक्याच्या हाडात एमआरआयवर ठराविक बदल दिसणाऱ्यांना 100 दिवस अँटिबायोटिक दिलं आणि फरक पडला. एकाने ते वाचून त्याला तसाच कोर्स लावला. तिसऱ्या आठवड्यात जुलाब, सहा किलो वजन गेलं, शेवटी सलाईन लावून दवाखान्यात पडला, कंबर आहे तशीच. मग 2019 ला नॉर्वेने 180 पेशंटवर परत केलं, अमॉक्सिसिलिन 100 दिवस, म्हणावा असा फायदा नाही. कुणाच्या आईला असं व्हायला नको.

रानवाटा: काका, वाचून वाईट वाटलं, भाऊ आता बरे असतील अशी आशा. आईला अँटिबायोटिक द्या असं मी मुळीच म्हणत नाहीये. ओएला डॉक्सिसायक्लिनही देऊन झालंय, 2005 ची अमेरिकेतली ट्रायल, वजन जास्त असलेल्या 431 बायका, अडीच वर्षं, एक्सरेत हाडांमधली गॅप जरा सावकाश कमी झाली पण दुखणं तेवढंच. आणि ते जीवाणू मारायला दिलंच नव्हतं, कार्टिलेज खाणारी एन्झाइम्स रोखायला दिलं होतं. माझी तक्रार एवढीच की "झीज" म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात.

काचपट्टी: मग प्रश्न असा विचारा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यात मायक्रोस्कोपखाली अख्खा जीवाणू दाखवा, त्याच किटची रिकामी ट्यूब सोबत चालवून तिचा निकाल शेजारी छापा, आणि तोच जीवाणू दुसऱ्या लॅबला दुसऱ्या किटने सापडू दे. हे तिन्ही झालं तर मी इथेच येऊन लिहीन की माझं चुकलं. तोवर आईंना मांडीचे व्यायाम करायला सांगा, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा तो.

रानवाटा: तो रोज करते, सकाळी रेडिओ लावून, दोन्ही पायांचे वीस वीस. रिकाम्या ट्यूबचं आज शोधते.