अनुभव धागा : हालाँग बे वगळून व्हिएतनाम

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीतलं निम्मं गाव व्हिएतनामला जाऊन आलंय. फोटो मात्र तेच ते. हालाँग बेची बोट, दा नांगजवळचा भल्यामोठ्या हातांवर तोललेला पूल, कुचीचे बोगदे, शंकूच्या टोपीतली आजी. हा धागा त्यासाठी नाही. नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन तिथे राहिला असाल, घर भाड्याने घेतलं असेल, कुणाच्या घरी चटईवर बसून जेवला असाल, तर लिहा. २०२३ मध्ये १० कोटींचा आकडा गाठलेला देश आहे. एवढी माणसं काही दिवसभर टोपी घालून होडी वल्हवत नसणार. 'किती खर्च आला' साठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडे.

हनोईची सून

लिहितेच. आमचं घर तिथल्या पद्धतीचं, रुंदीला जेमतेम चार मीटर, आत लांबच लांब आणि वर पाच मजले. रात्री सगळ्यांच्या स्कूटर दिवाणखान्यात, सोफ्याला खेटून. पूर्वजांचं देवघर सगळ्यात वरच्या मजल्यावर. वाढदिवस विसरलात तर कुणी काही म्हणत नाही, पण गेलेल्या माणसाची तिथी चुकली तर वर्षभर ऐकावं लागतं. तिथी चांद्र पंचांगाचीच. त्या दिवशी अख्खी उकडलेली कोंबडी, चिकट भात, फळं, दारूची छोटी पेली असं सगळं आधी वर न्यायचं, उदबत्ती लावायची आणि ती जळून जाईपर्यंत जेवणाला हात लावायचा नाही. आपल्याकडे कावळ्याची वाट बघतात, तसंच.

माझ्या आईला पचायला जड गेलेली गोष्ट वेगळीच. उत्तरेत पुरलेल्या माणसाला साधारण तीन वर्षांनी पुन्हा वर काढतात. आजेसासऱ्यांच्या वेळी मी होते. थंडीचे दिवस, पहाटेचा अंधार, गावच्या शेताला लागून असलेली दफनभूमी. उजाडायच्या आत आटपायचं असतं. दोन माणसं खड्ड्यात उतरून एकेक अस्थी वर देत होती आणि आत्तेसासूबाई बादलीतल्या सुगंधी पाण्यात ती धुऊन, पुसून बाजूला लावत होत्या. मग मातीच्या लहानशा पेटीत पायापासून डोक्यापर्यंत क्रमाने मांडणी. मध्येच त्या थांबल्या. पायाच्या बोटाचं एक हाड कमी भरत होतं. "पुन्हा बघा," म्हणाल्या, आणि ते मिळेपर्यंत पेटी बंद होऊ दिली नाही. रडारड नाही, घाण वाटणं नाही. मागे मुलं चहा पीत होती. शहरात आता दहन वाढलंय, त्यामुळे माझ्या मुलांना हे बघायला मिळेल असं वाटत नाही.

शाकाहारी ऑडिटर

मलाही तिथे पंचांगानेच जगवलं. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार पाळतात, त्याला 'चाय' म्हणतात. त्या दोन दिवशी एरवी डुकराच्या हाडांचा रस्सा विकणारी बाईसुद्धा टोफूची पातेली मांडते. बाकीच्या दिवशी 'चाय'ची पाटी शोधायची. नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही, कारण माशाचं पाणी, म्हणजे नुओक माम, भाजीतही असतं. पण खऱ्या चाय खानावळीत कांदा-लसूणही नाही. आमच्या चातुर्मासवाल्या आजीने तिथे डोळे मिटून जेवण केलं असतं.

ऑफिसचं एक सांगतो. बाराच्या ठोक्याला जेवण, आणि साडेबाराला कुणीतरी दिवे घालवतं. टेबलांखालून घडीच्या खाटा निघतात, उशा निघतात, पायमोजे काढून अख्खा लेखा विभाग झोपतो. दीडला दिवे लागतात. पहिल्या आठवड्यात मी अंधारात लॅपटॉपवर टकटक करत बसायचो, मग शेजारच्या बाईने न बोलता मला एक उशी आणून दिली. पुणेकरांना १ ते ४ वरून उगाच बोल लावतात.

वाचनमात्र

प्रश्न आहे. शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी अमेरिकेला हरवलं, असं दर सहा महिन्यांनी फॉरवर्ड येतं. तिथे असं कुणी म्हणतं का?

हाय फाँगवाला

मी राहिलो त्या काळात एकानेही नाही. फॉरवर्डला पुरावा काही नाही, आणि त्यांना बाहेरून स्फूर्ती घ्यायची गरजही नव्हती. आमच्या गोदीपासून जवळच बाख दांग नदी आहे. १२८८ मध्ये त्यांचा सेनापती चान हुंग दाओ याने तिथे नदीच्या तळात लाकडी खुंट ठोकून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोल आरमाराला आत ओढलं आणि ओहोटी लागल्यावर जहाजं त्या खुंटांवर अडकली. असे खुंट २०१९ मध्येही हाय फाँगच्या शेतजमिनीत सापडले. आपल्याकडे गावोगाव शिवाजी चौक असतो, तसा तिकडे जवळपास प्रत्येक शहरात चान हुंग दाओ रस्ता असतो. एकदा एका शहराचे रस्ते पाठ झाले की दुसऱ्या शहरात नावं तीच, जागा फक्त बदललेल्या. टॅक्सीत फार गोंधळ होतो.

बिन्ह युओंगचा प्लांटवाला

(कागदावर आता आम्ही हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे सायगावात. जुलै २०२५ मध्ये ६३ प्रांतांचे ३४ केले, त्यात आमचा प्रांत तिकडे गेला.)

तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, फोटोत फुलांचं आणि लाल पाकिटांचं दिसतं. कारखान्यात ते हजेरीचं असतं. आमचे निम्मे कामगार उत्तर-मध्य भागातले. महिनाभर आधीपासून एकच विषय, बोनस किती. कमी निघाला तर सणानंतर माणूस परत येत नाही, सरळ दुसऱ्या कारखान्यात जातो. तिकीट न मिळालेले नवरा-बायको मूल मध्ये बसवून हजार किलोमीटर मोटरसायकलने गावी जातात. सण संपल्यावर गेट उघडायलासुद्धा मुहूर्त बघतात, आणि त्या सकाळी साहेबाने प्रत्येकाच्या हातात लाल पाकीट द्यायचं. रक्कम किरकोळ चालते, नोट मात्र कोरी करकरीत हवी.

चांद्र वर्षाच्या दहाव्या दिवशी धनदेवतेसाठी सोनं घेतात. सराफाच्या दारात पहाटेपासून रांग. आपली अक्षय्य तृतीया डोळ्यांपुढे आणा, फक्त सगळे हेल्मेट घालून.

हनोईत शिकलेली

मी जुन्या सरकारी चाळीवजा इमारतीत एका आजींकडे राहत होते. तिथे प्रत्येकाने खिडकीबाहेर लोखंडी पिंजरा काढून खोली वाढवलेली, त्यात कुंड्या, कपडे, कोंबडीसुद्धा. जेवायला बसलं की घरातल्या सगळ्यात लहानाने मोठ्यांना एकेक करून 'जेवा' म्हणायचं, तोवर काड्या उचलायच्या नाहीत. पाहुणी असूनही ते काम माझ्याकडे आलं. रोजची भाजी म्हणजे उकडलेली नाळीची भाजी, आणि तिचं पाणी फेकायचं नाही, त्यात लिंबू पिळून सार म्हणून प्यायचं. आजी त्याला 'रेशनच्या काळातलं सूप' म्हणायच्या. १९८६ च्या आर्थिक सुधारणांआधी तांदूळ, मांस, कापड, सगळं कुपनावर होतं. पहाटे रांगेत विटेवर आपली खूण करून वीट ठेवायची आणि घरी जाऊन स्वयंपाक उरकायचा. कुणी विटेला हात लावला की भांडण. आजही कुणी उतरलेल्या चेहऱ्याने आलं की आजी विचारतात, "तांदळाचं पुस्तक हरवलं का?"

सायगावचा भाडेकरू

फार गोड चाललंय, म्हणून थोडं आंबट. आमचा पत्ता दोन तिरक्या रेघांचा. मुख्य रस्त्यावरचा नंबर, त्यातून फुटणारी गल्ली, तिच्यातून फुटणारी बोळकंडी. बोळातून दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. २०२५ पासून सिग्नल तोडला तर दुचाकीला ४० ते ६० लाख डाँगचा दंड आहे (आपले साधारण १४ ते २० हजार रुपये), त्यामुळे मोठ्या रस्त्यावर सगळे पुतळ्यासारखे थांबतात आणि उरलेली घाई आमच्या बोळात घेऊन येतात.

आणि कॅरिओके. चाकांवर ओढत न्यायचा, कमरेएवढा स्पीकर घराघरात असतो. तेरवीसारखा कार्यक्रम असो की नुसता रविवार, दुपारी चारला सुरू. आवाज नाही, सूर नाही, प्रतिध्वनी मात्र भरपूर. मालकीणबाईंकडे तक्रार करायला गेलो, तर त्यांच्याच घरात चालू होतं. बसवलं, बर्फ घालून बिअर दिली आणि माईक हातात दिला. 'मेंदीच्या पानावर' म्हटलं. टाळ्या पडल्या. तक्रार करायची आता सोयच उरली नाही, दर रविवारी बोलवायला येतात.