मदत हवी आहे: निकाली खटल्यांतले सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचे अहवाल) कसे मिळवावेत?

एलएलएमच्या प्रबंधासाठी खुनाच्या खटल्यांत मुद्देमाल जप्तीपासून सीए रिपोर्ट येईपर्यंत किती दिवस जातात, ते पाहतेय. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. तुलनेसाठी मला त्याआधीचे खटले हवेत.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरची निकालपत्रं वाचली. नमुने प्रयोगशाळेत कधी पोचले, हे क्वचितच सापडतं. माहिती अधिकाराचा अर्ज ‘तपासाला बाधा’ म्हणून फेटाळला गेला, आणि मी तर फक्त निकाली खटले मागितले होते! अपील केलंय.

नावं नकोत, तारखा पुरेत. पॉक्सोची प्रकरणं वगळली आहेत.

खटल्यात पक्षकार नसताना सत्र न्यायालयातून अशा कागदांच्या प्रमाणित प्रती कुणी मिळवल्यात का? अर्जात कारण काय लिहिलंत, प्रतिज्ञापत्र लागलं का?