मेंढा-लेखाही पाहा

पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल या सामूहिक वसाहतीचे तुमचे फोटो आवडले. 'असं सामूहिक जगणं आपल्याकडे कुठे?' या तुमच्या प्रश्नाला एक उत्तर गडचिरोलीत आहे. बहिणीकडे गेलो की कॅमेरा घेऊन धानोरा रस्त्यावरच्या मेंढा-लेखाला चक्कर मारतो. गोंडांचं छोटं गाव. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. बांबू ग्रामसभाच विकते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला की पुन्हा चर्चा. (आमच्या सोसायटीत असं केलं तर पार्किंगचा ठराव नातवंडांच्या काळात मंजूर होईल!) २०१३ मध्ये तर गावकऱ्यांनी शेतजमिनीही ग्रामदानात, म्हणजे ग्रामसभेच्या मालकीत, दिल्या. दिसायला मात्र साधं खेडं, 'इको व्हिलेज'छाप पाट्या शोधू नका. आणि कॅमेरा काढण्याआधी विचारा, जंगलातसुद्धा.